बारदान वजा

मी तोलणार. मार्केट यार्डात एकतीस वर्षं,
कांदा-बटाट्याच्या गाळ्यांपुढे, पहाटे साडेतीनपासून.
गोणी काट्यावर आली की आकडा ओरडायचा,
बारदान वजा करायचं, निव्वळ सांगायचं,
आणि ज्याचा माल त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही.

माझ्याच घरात एक पोरगा आहे
ज्याचं निव्वळ सत्तावन्न भरावं लागतं
शुक्रवारी सकाळी दहाला, चड्डीवर.
म्हणून गुरुवारी रात्री सुमेध रेनकोट घालून
आईमाता मंदिराचा चढ पळतो, पाऊस नसताना.
बाटलीत थुंकत बसतो.
त्याची आई कालवणावर झाकण ठेवते, झाकणावर वरवंटा,
जणू वाससुद्धा काट्यावर धरतील.

आणि असा सुकट झालेला पोरगा
पिंपातल्या कढत पाण्यातून तोंड वर काढून म्हणतो,
पप्पा, मला सत्तरमध्ये लढायचंय.

तांबोळी सर हसले नाहीत.
त्याचं मनगट त्यांनी दोन बोटांत धरलं, बोटं जुळली.
"सत्तरला येणारी पोरं मुळात ऐंशीची असतात.
पाणी काढून सत्तर होतात, रात्रीत परत ऐंशी.
तू काय करणार, खिशात दगड घालणार?"
"शॉर्टला खिसे नसतात, सर."

मी डबा घेऊन जिन्यात उभा होतो.
खाली गॅरेजात एका चाकाला
शिशाचे तुकडे ठोकत होते,
पाच ग्रॅम, दहा ग्रॅम, थरथर थांबेपर्यंत.
वरून त्याचा आवाज आला:
"पाच वर्षं मी कमी व्हायचाच सराव केलाय.
एकदा जास्त होऊन बघू द्या."

घरी येताना मी त्याला कचरूमामाची गोष्ट सांगितली.
आमच्यात गट नव्हते. मामा अठ्ठेचाळीस किलोचा,
शंभराची गोणी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा,
आधी गुडघा, मग दम, मग कंबर.
पन्नासाचा नियम आला तोवर
मामा आडवा झोपू शकत नव्हता,
भिंतीला टेकून रात्र काढायचा.
मी हे सावध करायला सांगितलं.
त्यानं परवानगी म्हणून ऐकलं.

वरवंटा मग पाट्याकडे परत गेला.
अंडी, केळी, शेंगदाणे, उरलेल्या भाकरीचा काला,
आठ महिने.
त्याची आई शर्टाच्या शिवणी उसवत होती
आणि कुणाला कळू न देता गुणगुणत होती.

लढत हरला.
समोरचा मुळशीकडचा, तालमीत वाढलेला,
भिजल्या गोणीसारखा अंगावर पसरायचा
आणि पसरूनच राहायचा.
मी जाळीच्या इतक्या जवळ होतो
की सुमेधचा श्वास मोजता येत होता, मी मोजला नाही.
तिसऱ्या राउंडला मात्र तो उठला,
तो माणूस पाठीवर तसाच घेऊन.
आधी गुडघा. मग दम.
कंबर सरळ झाली न झाली तोच दोघं कोसळले.
टाळ्या कुणासाठी होत्या, कळलं नाही.

पहाटे मी चप्पल शोधत होतो तर हा जागा.
एक कान भज्यासारखा फुगलेला.
येतो म्हणाला, गाडीवर मागे बसला,
गंगाधामपर्यंत बोलला नाही.
यार्डात शिरूरचा कांदा उतरत होता.
दोन गोण्यांच्या मधे तो सरळ काट्यावर चढला,
जॅकेट, बूट, कानाला बांधलेला बर्फाचा फडका, सगळ्यासकट.

एकोणसत्तर चारशे.

बारदान किती धरू, मी विचारलं.
काही धरू नका, म्हणाला.

मागून टेम्पोवाला हॉर्न मारत होता.
मी आकडा ओरडलो, रोजच्यापेक्षा मोठ्यानं,
आणि गाळ्यावरच्या दिवाणजीनं मान वर न करता
सवयीनं लिहून घेतला.